गुरुवारचा नंबर

सरांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि त्यांच्याशी भांडायची ताकद माझ्यात आता राहिली नाही. ही जाऊन आठ महिने झाले. पोरगी म्हणाली, आबा, आईबद्दल काहीतरी लिहून ठेवा. बसलो, तर हात चालेना. सरांबद्दल मात्र लिहिता येईल असं वाटलं. त्यात ही येतेच.

यवतला हायवेच्या कडेला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्याच्या माडीवर सरांचं ऑफिस. वेबसाइट बनवायचं काम. सर शिरूरचे. रोज स्कूटरवर न्हावरा, चौफुला करत यायचे आणि तसेच परत जायचे. पुण्यातल्या कंपन्यांनी बोलावलं होतं म्हणे, गेले नाहीत. मी तिथं शिपाई, झाडूवाला, चहावाला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणारा, सगळं मीच. माझी शाळा चौथीपर्यंत. आधी कंपनीत हेल्पर होतो, मशीनमध्ये एक बोट गेलं, मग हलकं काम शोधत फिरत होतो.

पहिल्या दिवशी माडी चढून "जय भीम साहेब" म्हणालो, तर खुर्चीत कुणी नाही. टेबलाखालून आवाज आला, "जय भीम. बसा. कॉम्प्युटर येतो का?"

"न्हाई."

"माउस हातात धरलाय कधी?"

"न्हाई, साहेब."

"फार चांगलं," असं म्हणत ते बाहेर आले. डोक्याला कोळिष्टकं लागलेली, हातात वायर. "असाच माणूस पाहिजे होता. फक्त शिकायचं नाही. शिकलात की नोकरी गेली."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. कुठलीही वेबसाइट तयार झाली की मला खुर्चीत बसवायचे आणि म्हणायचे, "घ्या, वापरा." मी एकेक अक्षर जुळवत वाचायचो आणि वाटेल तिथं दाबायचो. अडलो तर कुणी सांगायचं नाही असा नियम. एका साडीवाल्याचं काम होतं. मी साडीच्या चित्रावर दाबत बसलो, भाव काही दिसेना. वैशाली नावाची इंजिनिअर पोरगी होती, केडगावची, ती हसायला लागली. सर म्हणाले, "हसू नका. आबा अडले म्हणजे आपण चुकलो." सगळं पान परत केलं. साडीवाला म्हणत होता, राहू द्या, चांगलं दिसतंय. सर म्हणाले, "आबांना भाव दिसला नाही." साडीवाल्याला हे आबा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सर प्रोग्रामशी बोलायचे. नवीन काही असलं की, "अहो, असं का करता? काय पाहिजे तुम्हाला?" आणि जुनं असलं की, "गाढवा, परत तेच?" मी एकदा विचारलं, हे काय. म्हणाले, "ओळख झाल्याशिवाय अरेतुरे करतं का कुणी?"

त्यांच्या फायली हे एक वेगळंच प्रकरण होतं. पीएचपी म्हणून एक भाषा असते, तिच्यात आठ वर्षं खपून त्यांनी स्वतःच्या फायली तयार केलेल्या. कुठलंही काम आलं की त्यातूनच बांधायचं. त्या सगळ्या त्यांनी भोकाभोकाच्या लांब कागदावर छापून घेतल्या होत्या आणि ऑफिसात दोऱ्या बांधून, कपड्याचे चिमटे लावून, वाळत घातल्यासारख्या टांगल्या होत्या. आम्ही सगळे वाकून चालायचो. फॅन लावला की असा फडफडाट की फोन ऐकू येत नसे. सर म्हणायचे, "डोळे बांधा माझे. कुठली ओळ कुठं आहे, सांगतो." एकदा वैशालीनं खरंच माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन त्यांचे डोळे बांधले. सर दोरीला हात लावत गेले आणि एका जागी बोट ठेवलं. वैशाली म्हणाली, "सर, त्याच्या खालची." एक ओळ चुकली. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

आता हिचं सांगतो. हिच्या किडन्या गेल्या. दौंडला एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस व्हायचं, सोमवारी आणि गुरुवारी. आम्ही कासुर्डीचे. यवतला यायचं, तिथून रेल्वेच्या शटलनं दौंड. तीन मशीन, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. सोमवारी नंबर लागायचा. गुरुवारी मारामारी. सिस्टर वहीत नंबर लिहायची, पण तिचा फोन लागायचा नाही. जाऊन बघावं, तर नंबर दुसऱ्याला गेलेला. परत शटल, परत घर. चार दिवस गेले की हिचा श्वास लागायचा, आडवं होता यायचं नाही. सकाळी उठलो की मी आधी हिच्या नडगीवर अंगठा दाबायचो. खड्डा किती खोल पडतो आणि भरायला किती वेळ लागतो, त्यावरून मला दिवस कळायचा.

एका शुक्रवारी मी उशिरा कामावर गेलो. सरांनी विचारलं, का. म्हणालो, "काल परत पाठवली. वहीत नाव नव्हतं."

सर उठले. स्कूटर काढून गेले. नंतर सिस्टरकडनं कळलं, ते दौंडला जाऊन मशीनशेजारी स्टुलावर दिवसभर बसून राहिले, वहीत काहीबाही लिहीत. तिला वाटलं पेशंटचा भाऊ असेल. संध्याकाळी ते ट्रस्टच्या लोकांना म्हणाले, नंबर लावायची वेबसाइट मी करून देतो. गावागावात नेटकॅफे निघालेत, तिथनं लोक नंबर लावतील, कागद घेऊन येतील. ट्रस्टवाले म्हणाले, बघा, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आम्ही वही बंद करतो.

इथनं सरांची झोप उडाली, आणि माझीही.

त्याला कारण वैशाली. ती पुण्याला काहीतरी शिकून आली होती. परदेशात एक नवीन फ्रेमवर्क निघालंय, ते वापरू म्हणाली. त्याच्या नावात रेल्वेचा रूळ होता एवढंच मला आठवतं. सर म्हणाले, "दौंडला रूळ कमी आहेत का?" पण हसले नाहीत. मला त्यातलं जे कळलं ते असं. सरांच्या फायली म्हणजे घरी रंधून बसवलेली दाराची चौकट. नवीन म्हणजे तयार चौकट, आणायची आणि दार लावायचं. काम निम्म्या दिवसांत. फक्त आत कुठं खिळा मारलाय ते आपल्याला माहीत नसतं.

वैशाली भ्यायची नाही. म्हणाली, "सर, तुमच्या फायलींत काय कुठं आहे ते फक्त तुम्हाला माहीत. उद्या तुम्ही स्कूटरवरून पडलात तर? हे नवीन जगात हजारो लोक वापरतात. कुणीही येऊन दुरुस्त करेल."

"ते हजार लोक यवतला येणार आहेत का?"

"तुम्ही तरी रविवारी येता का?"

सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. "आबा, तुम्ही सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं. हिचा नंबर चुकला न्हाई पायजे."

त्यांनी ते कागदावर जसंच्या तसं लिहिलं आणि कॉम्प्युटरच्या वर चिकटवलं. मला ते बरं वाटलं नाही. आपल्या घरचं दुखणं भिंतीला लागल्यासारखं.

मग दोघांनी तेच काम दोनदा केलं. सरांनी त्यांच्या फायलींत, वैशालीनं नवीन फ्रेमवर्कमध्ये. सरांचा कॉम्प्युटर, ज्याच्यावर हे सगळं चालायचं, तो ऑफिसातच असायचा. बाकीचे लोक म्हणे बाहेर भाड्याच्या जागेत ठेवतात. सरांना ते पटायचं नाही. आणि परीक्षा घ्यायची त्यांची एक रीत होती. मी दारात मेन स्विचजवळ उभं राहायचं, आणि कुणाला न सांगता, मनाला येईल तेव्हा, इन्व्हर्टरसकट सगळं बंद करायचं. मग परत चालू करून बघायचं, काय उरलं. आमच्याकडे दुपारी बारा ते चार लोडशेडिंग. जे त्यात टिकेल ते खरं.

सरांच्या कामात एक खोट निघाली. नंबर लावताना आधी पेशंटचं नाव लिहिलं जायचं आणि मग मशीन भरलंय अशी खूण व्हायची. बरोबर त्या दोन्हीच्या मधे वीज गेली की नाव राहायचं, खूण राहायची नाही. म्हणजे तेच मशीन दुसऱ्यालाही मिळणार. नवीन फ्रेमवर्कमध्ये तसं होत नव्हतं. दोन्ही व्हायचं, नाहीतर काहीच नाही.

पण नवीनला दुसरी खोड. आमच्याकडे नेट हळू. माणूस बटण दाबतो, काही होत नाही, परत दाबतो, परत दाबतो. मीही तीनदा दाबलं, तर हिच्या नावावर तीन नंबर. वैशालीनं चार दिवस शोधलं, कुठं बांध घालायचा ते सापडेना. सर बघत होते, "अहो, सांगा की, कुठं धरू तुम्हाला?" तीन आठवडे झाले तरी अहोच. त्यांच्या फायलीत तेच त्यांनी चहा थंड व्हायच्या आत केलं.

एक तारीख चार दिवसांवर आली. सर दोरीखालून फेऱ्या मारत होते, कागद डोक्याला लागत होते. शेवटी म्हणाले, "माझ्याच फायलींत करू. दोन्हीच्या मधे पापणी लवायचा वेळ आहे. तेवढ्यात वीज गेली तरच घोळ. आणि आपल्याकडे इन्व्हर्टर आहे."

वैशाली म्हणाली, "सर, हे बरोबर नाही."

"बिघडलं तर हात कुठं घालायचा ते मला इथं माहीत आहे. तिथं मी आंधळा." मग मला म्हणाले, "आबा, बॅटरी तुमच्याकडे."

व्हय म्हणालो.

वही बंद झाली. दोन महिने उत्तम चाललं. लोक कागद घेऊन यायचे, सिस्टर खूश. गुरुवारी शटलमध्ये मी पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं असेल. मग हिला ताप यायला लागला. आज आला, उद्या गेला, परवा परत. माझं कशात ध्यान लागेना. एका मंगळवारी सर आणि वैशाली कामासाठी पुण्याला गेले होते, ऑफिसात मी एकटाच. झाडताना मी बॅटरीकडं बघितलं, पाण्याची खूण पार खाली. पंधरा दिवस झाले असतील. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपलेला. म्हटलं, आणू उद्या. घड्याळात बाराला पाच कमी. लाईट जायच्या आत हिचा नंबर लावून घ्यावा म्हणून मी खुर्चीत बसलो, नाव घातलं, गुरुवार निवडला आणि बटण दाबलं. लाईट गेली. इन्व्हर्टर एकदा ओरडला आणि त्यानंही मान टाकली.

चार वाजता लाईट आल्यावर आधी यादी उघडली. हिचं नाव होतं. गुरुवार, नऊ वाजता, मशीन दोन. कागद छापला. कॅन आणून बॅटरीत पाणी घातलं. कुणाला काही बोललो नाही.

गुरुवारी दवाखान्यात गेलो तर मशीन दोनजवळ न्हावऱ्याचा एक पेंटर उभा, तिशीतला, सोबत आई. त्याच्याकडे कागद. गुरुवार, नऊ, मशीन दोन. सिस्टरनं दोन्ही कागद शेजारी धरले. "दोघांचंही बरोबर आहे," म्हणाली.

पेंटर म्हणाला, "काका, मी पहाटेच्या एसटीनं आलोय. मागच्या वेळी पण हुकलाय माझा."

मी हिला धरली आणि पलंगावर झोपवली. "आमचा नंबर हाय," एवढंच म्हणालो. त्याची आई काहीतरी बोलत होती. मी तिकडं बघितलं नाही. मला माहीत होतं चूक कुठं झाली ते, तरी मी बघितलं नाही. ही खालच्या आवाजात म्हणाली, "अवं, त्यो सुजलाय." म्हणालो, "तू गप पड."

सिस्टरनं फोन केला असावा, सर आले. पेंटरशेजारी बाकावर बसले. संध्याकाळी एक मशीन रिकामं झालं तोवर तिथंच. माफी मागितली नाही. मधे एकदा त्याच्या आईला पाणी आणून दिलं. आम्ही संध्याकाळच्या शटलसाठी थांबलो होतो. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पापणी लवायचा वेळ, म्हणालो होतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोऱ्यांवरचे कागद उतरवायला घेतले. दुसरं टोक मला धरायला लावलं. आठ वर्षं. एकेक चिमटा काढून खिशात टाकत होते. मग वैशालीजवळ वही घेऊन बसले. "अहो वैशालीबाई, शिकवा." ती बिचारी अवघडून गेली. तिला आतापर्यंत वैशाली, गधडे, काहीही म्हणायचे. नवीन फ्रेमवर्कमध्ये बटणाचा बांध दोघांना मिळून सापडला, आणि सगळं काम तिकडं गेलं. मी चहा नेऊन ठेवायचो आणि मोकळ्या झालेल्या ऑफिसात सरळ चालायचो. वाकायची सवय लागली होती, म्हणून ताठ चालताना कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

तीन आठवडे मी दम धरला. मग हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग सांगून टाका की त्यांना. माज्या नावावर कशाला ठेवताय ते?"

सांगितलं. "सर, फायलींची चूक न्हाई. बॅटरी कोरडी हुती. पाणी मी घातलं न्हाई."

सर उठून उभे राहिले. "कधी?"

"हिचा नंबर लावला त्या दिवशी. बाराला लाईट गेली तवा."

"म्हणजे फायली बरोबर होत्या." हे ते दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा वैशालीला हाक मारून म्हणाले. लहान पोरासारखे हसले. माळ्यावर चढून कागदांचा गठ्ठा खाली आणला, सुतळी सोडली, दोरी शोधून खिळ्याला अडकवायला लागले. मला वाटलं, चला, सगळं जागच्या जागी आलं.

दोरी हातात धरून ते थांबले. "पाणी का घातलं नाही?"

"हिला ताप हुता. ध्यानातच राहिलं न्हाई."

"परत येईल ताप?"

"येईल की. तिचं आता असंच चालायचं."

सर त्या गठ्ठ्यावरच बसले. "मग मी काय केलं हो, आबा. ज्याच्या घरात दुखणं त्याच्याच आठवणीवर मी नंबर ठेवला. आणि वर सांगितलं, बॅटरी तुमच्याकडे."

"चूक माझी हाय, सर."

"तुमची आहेच. ती वेगळी."

मला राग आला. म्हणालो, "सर, शिव्या घाला मला. हे असलं बोलू नका."

"शिव्या उद्या घालतो," म्हणाले. "आज हे बांधायचंय." आणि सुतळी परत बांधली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, सगळ्यांसमोर, आठवणीनं शिव्या घातल्या. पाच मिनिटं. मग चहा मागितला.

न्हावऱ्याच्या पेंटरला मी नंतर तीन-चारदा दवाखान्यात बघितला. बोललो नाही. एकदा त्यानंच हिला विचारलं, "काकू, बरं हाय का?" ही त्याच्याशी बराच वेळ बोलत बसली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

ही पुढं दीड वर्ष काढून मंगळवारी सकाळी गेली. बुधवारी घरात पाहुणे, बाया, दारात चपलांचा ढीग. सरांची स्कूटर आली. सर दारात उभे, हेल्मेट डोक्यावर तसंच.

"आबा," म्हणाले, "उद्याचा नंबर मंडळींच्या नावावर आहे. रद्द फक्त घरच्यांना करता येतो. तुमचा गुप्त आकडा घालावा लागतो."

माझा मेहुणा उठला. "ओ साहेब, कालच माणूस गेलंय. लाज वाटती का काही?"

"वाटते," सर म्हणाले. "पण उद्या मशीन मोकळं राहील."

मी सदरा घातला आणि त्यांच्या मागं बसलो. वाटेत विचारलं, "तुमास्नी काढता आला नसता का?"

"काढता येईल असं केलं असतं, तर कुणीही कुणाचा काढला असता."

माडी चढलो. खुर्चीत बसलो. आकडा घातला. पानावर आलं, नंबर नक्की रद्द करायचा का. हिचं नाव, गाव, गुरुवार, नऊ, मशीन दोन. सगळं नीट लिहिलेलं, काही चुकलेलं नव्हतं. मी बराच वेळ वाचत बसलो. कुणी घाई केली नाही. मग दाबलं.

मी अजून उठलो नव्हतो तोवर वैशाली तिच्या टेबलावरनं म्हणाली, "आबा, लागला. भांडगावच्या एक बाई आहेत. कॅफेवाल्यानं लावलाय, त्यांना अजून माहीत नसेल."

"फोन हाय का त्यांचा?"

तिनं नंबर लिहून दिला. पलीकडं म्हातारा माणूस होता. त्याला दोनदा सांगावं लागलं.

"नक्की ना?" तो म्हणाला. "मागं दोनदा जाऊन परत आलो आम्ही."

"नक्की," मी म्हणालो. "उद्या नऊला. मशीन दोन. खिडकीशेजारी हाय, वारं लागतं. पायावर टाकायला काहीतरी आणा."